सिस्टर काय पाहते?

गेले चार महिने आमच्या घरात एका परीक्षेने मुक्काम ठोकला होता. परीक्षा होती माझ्या भाचीची. पण घरात दहावीचे मूल असले की टीव्हीचा आवाज, पाहुण्यांची ये-जा आणि कुकरच्या शिट्ट्यासुद्धा जशा दबकून होतात, तसे आमचे झाले होते. भाची नर्स आहे. मिरजेला वाढली, तिकडेच बीएस्सी नर्सिंग केले, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षे नोकरी केली आणि आता तिला अमेरिकेला जायचे आहे. तिथे नर्स म्हणून उभे राहायचे तर ‘एनक्लेक्स’ नावाची परवाना परीक्षा द्यावी लागते. ड्युटी संपवून ती आमच्याकडे यायची, हातपाय धुऊन जेवायची आणि म्हणायची, ‘‘मामा, बसू या?’’

बसू या म्हणजे मी चष्मा लावून प्रश्न आणि त्याखालचे पर्याय वाचायचे, आणि तिने डोळे मिटून उत्तर द्यायचे. बारा तासांच्या ड्युटीनंतर तिला अक्षरे दिसेनाशी होत, म्हणून हे काम निवृत्त मामाकडे आले. मला त्यात काही विशेष वाटले नाही. मी बँकेत पस्तीस वर्षे काढली. नोकरी सांभाळून सीएआयआयबीच्या परीक्षा आम्हीही दिल्या होत्या. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टची कलमे रात्री दिव्याखाली घोकायची, पेपरात ओकायची, वेतनवाढ घ्यायची आणि महिन्याभरात विसरून जायची. परीक्षा म्हणजे पाठांतर, ही माझी समजूत अगदी पक्की होती.

पहिल्याच संध्याकाळी ती मोडली. प्रश्न साधारण असा होता : खुब्याच्या हाडावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आहे. दुसरा दिवस. तो एकाएकी बेचैन झाला आहे, चादर ओढतो आहे, उठून बसू पाहतो आहे. नर्सने सर्वांत आधी काय करावे? डॉक्टरांना फोन करावा, वेदनाशामक द्यावे, पलंगाचे कठडे वर करावेत, की त्याचा श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन तपासावा? भाची काही बोलायच्या आत मी म्हणालो, ‘‘डॉक्टरांना फोन. उघड आहे.’’

‘‘फोन करून सांगणार काय मामा?’’ ती म्हणाली. ‘‘पेशंट बेचैन आहे, एवढंच? ते विचारणार सॅच्युरेशन किती, श्वास किती, बीपी किती. मग काय म्हणणार, थांबा, बघून येते?’’

स्वयंपाकघरात आमच्या सौभाग्यवती भांडी लावत होत्या. तो आवाज मध्येच थांबला. तो का थांबला ते मला लगेच कळले. भाचीला कळायला आणखी दोन महिने लागले. त्याविषयी पुढे सांगतो.

आधी ही परीक्षा काय आहे ते सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या परीक्षांपेक्षा तिची तऱ्हा वेगळी आहे. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते, आणि संगणक प्रत्येकाला वेगळी प्रश्नपत्रिका देतो. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न जरा अवघड, चुकले की जरा सोपा. असे करत करत, ही व्यक्ती रेषेच्या वर आहे की खाली याची संगणकाला पुरेशी खात्री पटली की तो थांबतो. कमीत कमी पंच्याऐंशी प्रश्न, जास्तीत जास्त दीडशे, वेळ पाच तास. नव्वदाव्या प्रश्नाला पडदा काळा झाला तर आपण तरलो की बुडालो हे त्या क्षणी कळत नाही. कॅनडातही २०१५ पासून नर्सेसना हीच परीक्षा आहे. २०२३ च्या एप्रिलपासून तिच्यात आणखी एक बदल झाला. आता एकेका रुग्णाची हकीगतच समोर ठेवतात : दुपारी दोनची नोंद, चारची नोंद, रक्ताचा अहवाल, नातेवाइकाचे एखादे वाक्य. त्यावर ओळीने सहा प्रश्न. यातल्या कोणत्या खुणा महत्त्वाच्या? त्यांचा अर्थ काय? कोणती शक्यता सर्वांत धोक्याची? काय काय करता येईल? आधी काय कराल? आणि केल्यानंतर गुण आला, हे कशावरून ओळखाल?

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हे प्रश्न ओळखीचे वाटले, हे कबूल करतो. पात्र खोलीत आले की त्याच्याकडे कसे पाहायचे, हेच तर ते प्रश्न आहेत. फरक एवढाच, की माझे पात्र चुकले तर संपादक दोन पाने कापतो.

या सगळ्या विद्येचा पाया एका शब्दात आहे : आधी पाहा. इंग्रजीतला ‘असेसमेंट’ हा शब्द आम्ही बँकेत कर्जदाराची पत जोखण्यासाठी वापरत असू. इथे तो माणसासाठी. आणि पाहणे म्हणजे नुसते डोळ्यांनी पाहणे नव्हे. छाती तपासताना आधी बघायचे, मग हात लावायचा, मग बोटांनी ठोकून पाहायचे, आणि शेवटी नळी लावून ऐकायचे. पण पोट तपासताना हा क्रम बदलतो. आधी बघायचे, लगेच ऐकायचे, आणि हात सर्वांत शेवटी. का? तर आधीच पोट दाबले की आतडी हलतात आणि जो आवाज ऐकायचा तोच बदलतो. मला ही गोष्ट फार आवडली. पोट दुखते म्हणून कोणी विव्हळले की घरातला प्रत्येक जण येऊन आधी पोटच दाबून जातो!

असेच श्वासाचे. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस. पण ‘आता मी तुमचे श्वास मोजते’ असे सांगितले की माणूस श्वासाकडे लक्ष देऊ लागतो आणि श्वास बदलतो. म्हणून शहाणी नर्स नाडी पाहून झाली तरी मनगट सोडत नाही. मनगट हातात, नजर घड्याळावर आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून छातीवर. रुग्णाला वाटते, अजून नाडीच चालली आहे.

एका रात्री डिगॉक्सिनचा प्रश्न आला. हृदयाचे हे जुने औषध देण्याआधी छातीवर नळी ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. प्रौढाचे साठाच्या खाली असतील तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचे. औषध अंगात साठू लागले तर भूक जाते, मळमळते आणि दिव्याभोवती पिवळी-हिरवी कडी दिसतात. मी वाचता वाचता थांबलो. नव्वदच्या दशकात माझी आई हीच गोळी घेत असे. शेवटच्या वर्षात ती म्हणायची, ‘‘अरे, ट्यूबलाइट पिवळी कशी दिसते?’’ आणि आम्ही तिला सांगायचो, मोतीबिंदू पिकला असेल. घरात तीन पदवीधर होतो. गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवत असे. ठोके कोणी मोजले नाहीत, कारण मोजायचे असतात हेच कोणाला ठाऊक नव्हते. आई त्याने गेली असे मी म्हणत नाही. ती ब्याऐंशी वर्षांची होती. पण तो प्रश्न वाचल्यावर त्या रात्री आमची बैठक लवकर आटोपली.

सगळ्यांत जास्त गंमत यायची संवादाच्या प्रश्नांना. उद्या शस्त्रक्रिया आहे आणि रुग्ण म्हणतो, ‘मला फार भीती वाटते.’ नर्सने काय म्हणावे? पर्यायांत ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ असले की मी डोळे झाकून तेच निवडायचो, आणि तेच हमखास चूक असायचे. तसेच ‘का’ने सुरू होणारे वाक्य चूक. ‘तुमच्या डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ हेही चूक. बरोबर काय, तर ‘कशाची भीती वाटते आहे, सांगाल का?’ आणि मग गप्प बसून ऐकणे.

‘‘अगं, पण आपल्याकडे धीर देतात तो असाच,’’ मी म्हणालो. ‘‘काही होत नाही, घाबरू नका, आमच्या काकांचंसुद्धा हेच ऑपरेशन झालं...’’

‘‘मामा, ते आपण आपल्यासाठी बोलतो. विषय मिटावा म्हणून. पेशंटचं बोलणं तिथंच बंद होतं.’’

यावर मला उत्तर सुचले नाही. पुढे पाहिले, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० च्या सुमारास शुश्रूषेवर जे लहानसे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या निरीक्षणावर जसे स्वतंत्र प्रकरण आहे, तसेच समाचाराला येऊन पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवरही एक आहे. म्हणजे आमची जमात तेव्हाही होतीच. आणि आपल्या चरकाने तर उपचाराचे चार पाय सांगताना वैद्य, औषध आणि रोगी यांच्या जोडीला परिचारक हा पूर्ण पाय मोजला आहे. त्याच्या चार गुणांत पहिला आहे उपचाराचे ज्ञान. मग दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि स्वच्छता. आपण यातली आपुलकी तेवढी लक्षात ठेवली, तिचा ‘सेवाभाव’ केला, आणि पहिला गुण सोडून दिला. सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी, सलाईन बदलणारी, बेल वाजवली की यावी अशी कोणी तरी. तिला काही *कळते*, हे आपल्या ध्यानात येत नाही.

माझ्याही नव्हते. आता तो भांड्यांचा आवाज का थांबला ते सांगतो.

२०१८ साली आमच्या सौ. जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. एका मोठ्या खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली. तिसऱ्या रात्री मी सोबतीला होतो. बारानंतर ती चुळबुळ करू लागली. चादर ओढायची, पायथ्याशी लाथाडायची. ‘‘मला घरी ने’’ म्हणाली. पाणी दिले ते ढकलले. स्वभावाने ती शांत आहे, त्यामुळे मला आश्चर्य वाटले आणि, खरे सांगतो, थोडा रागही आला. मी दोन रात्री जागा होतो. मी तिला म्हणालो, ‘‘काही झालेलं नाही. डोळे मीट आणि झोप.’’

दोनच्या सुमारास सिस्टर सलाईन बदलायला आली. पंचविशीची असेल. तिने बाटली बदलली आणि जायला निघाली, ती परत वळली. हिच्या तोंडाकडे पाहिले. मग मनगट हातात घेऊन उभी राहिली. मला वाटले नाडी पाहते आहे. एक मिनिट ही किती लांब गोष्ट असते ते मला त्या वेळी कळले, कारण झोप माझ्या डोळ्यांवर होती आणि ही बाई हलायला तयार नव्हती. मग तिने बोटाला ऑक्सिमीटर लावला, पलंगाचे डोके वर केले, भिंतीवरचा ऑक्सिजन सुरू करून मास्क चढवला, आणि हे सगळे झाल्यावर फोनकडे गेली.

पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही, तिचे आले. ‘‘नाही सर, झोपेचं इंजेक्शन नको. श्वास बत्तीस आहे. सॅच्युरेशन शहाऐंशी होतं, आता ऑक्सिजनवर नव्वद. तिसरा दिवस आहे, हिपचं ऑपरेशन. तुम्ही येऊन बघा.’’ थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग त्याच आवाजात म्हणाली, ‘‘ठीक आहे सर, मी नोटमध्ये लिहिते, की दोन वाजून दहा मिनिटांनी कळवलं.’’

हे वाक्य मी ओळखले. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ कॅशियर होते. मॅनेजरने काही नियमाबाहेरचे करायला सांगितले की ते नम्रपणे म्हणत, ‘‘करतो साहेब, फक्त लेखी द्या.’’ साहेब वरमत. पाच मिनिटांत डॉक्टर खाली आले. पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. पाच दिवस अतिदक्षता विभाग, रक्त पातळ करणारी औषधे. पण ती परत आली. त्या वेळी झोपेचे औषध दिले असते तर काय झाले असते, हे मी कोणाला विचारले नाही. भाचीने न विचारताच सांगितले.

आठ दिवसांनी मी पेढे घेऊन त्या वॉर्डात गेलो. ती सिस्टर नोकरी सोडून गेली होती. नाव मला ठाऊक नव्हते. मी तिला सिस्टरच म्हणत आलो होतो. डिस्चार्ज कार्डावर चार डॉक्टरांची नावे पदव्यांसकट होती. बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी एक ओळ होती, दर दिवसाला अमुक. नाव कुठेच नव्हते.

गोष्ट इथे संपली असती तर मी केव्हाच लिहिली असती. पण मेडिक्लेमसाठी सगळ्या कागदांच्या प्रती मिळाल्या, आणि पस्तीस वर्षांची सवय. मी पान न् पान वाचून काढले. तापमान-नाडी-श्वासाच्या तक्त्यात श्वासाचा रकाना होता. अठरा, अठरा, वीस, अठरा, अठरा. तीन दिवस, दर चार तासांनी. खर्चाच्या वहीत रोज तोच आकडा दिसला की आम्ही व्हाउचर मागवायचो, कारण खरे आकडे असे शिस्तीत चालत नाहीत. त्या रात्री दहाची नोंद होती अठरा. दोनची बत्तीस. आणि दोन्ही नोंदी एकाच हाताच्या होत्या. तेच डावीकडे झुकलेले आकडे, तीच आडवी सही.

म्हणजे जिने हिचे प्राण वाचवले, तिनेच चार तास आधी न मोजता अठरा लिहिले होते? असे नसेलही, त्या वेळी खरेच अठरा असतील. पण बँकेतल्या माणसाला असे आकडे पटत नाहीत. मी हे कोणाला बोललो नव्हतो. परीक्षेच्या दोन महिन्यांपूर्वी, पुन्हा एकदा श्वासाचा प्रश्न आला तेव्हा भाचीला सांगितले, आणि ते कागदही काढून दाखवले.

तिने ते बराच वेळ पाहिले. मग विचारले, ‘‘त्या वॉर्डात पेशंट किती होते?’’

मी आठवून सांगितले, सोळा. रात्री सिस्टर एक आणि मावशी एक.

‘‘दहा वाजता सोळा जणांची औषधं असतात. दोघा-तिघांची सलाईन संपत असते. एकाचं ड्रेसिंग सुटतं. टीपीआर-बीपी नीट घ्यायचं तर एकाला पाच मिनिटं. सोळा पंचे ऐंशी. एक तास वीस मिनिटं नुसती मोजण्यात.’’ कागद तिने घडी घालून परत दिले. ‘‘मामा, मीसुद्धा अठरा लिहिलेत. खूपदा.’’

त्या रात्री पुढे प्रश्न वाचून झाले नाहीत.

नर्सिंगच्या मुलांमध्ये म्हणतात, की ही परीक्षा ‘एनक्लेक्स हॉस्पिटल’मध्ये घडते. तिथे नर्सला पाहायला वेळ असतो, औषध जागेवर असते, फोन उचलला जातो. खऱ्या अमेरिकेतही तसे नसते, हे भाचीला ठाऊक आहे. पण परीक्षा निदान असे मानून चालते, की पाहणे हे नर्सचे काम आहे आणि ते दुसऱ्यावर टाकता येत नाही. आंघोळ घालणे, भरवणे, लघवी मोजून लिहिणे हे मदतनिसाला सांगता येते. रुग्णाची अवस्था जोखणे, त्याला शिकवणे आणि उपचाराने काय झाले ते ठरवणे सांगता येत नाही. आमच्याकडे व्हाउचर कारकून लिहीत असे, पास अधिकारी करत असे. सही ज्याची, त्याने पाहिलेच पाहिजे. आपल्या रुग्णालयांत मदतनीस कोण, तर रुग्णाचा नातेवाईक. सलाईन संपली का हे तोच पाहतो, पट्टी तोच आणतो, श्वासाकडे कोणी पाहायचे हे मात्र ठरलेले नसते.

ज्ञान इथे नाही असे नव्हे. जे अमेरिकेच्या परीक्षेत विचारतात ते मिरजेतही शिकवतात, पुण्यातही. याच पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने, विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवले, तेही नातेवाईक नाके मुरडत असताना. आणि मुंबईच्या केईएमच्या नर्सेसनी काय केले ते तर सगळ्या देशाने पाहिले. अरुणा शानबाग या त्यांच्या सहकारी नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला; १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली साडेएकेचाळीस वर्षे त्या अंथरुणावर होत्या. २०११ साली दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा त्या नर्सेसच्या शुश्रूषेचे न्यायालयाने तोंडभरून कौतुक केले. इतकी वर्षे निजून असलेल्या देहाला शय्याव्रण होऊ दिले नाहीत, ही गोष्ट त्या खटल्यात साऱ्यांसमोर आली. भाचीच्या पुस्तकात शय्याव्रणाचा धोका मोजायचे एक कोष्टक आहे, ब्रेडन नावाचे. सहा बाबी, एकूण गुण तेवीस, अठरा किंवा कमी आले की धोका. ते कोष्टक १९८७ चे आहे. केईएममध्ये तोवर चौदा वर्षे कूस बदलणे, पुसणे, कोरडे करणे चालू होते. परीक्षक कोणी नव्हता.

पण त्यागाच्या अशा एका गोष्टीवर साऱ्या व्यवस्थेचा गाडा हाकता येत नाही. आपण तो हाकतो, आणि वर मुली परदेशी जातात म्हणून हळहळतो. भाचीचा सहा वर्षांनंतरचा पगार ऐकून मी तिला आकडा दोनदा विचारला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने म्हटले होते, की पन्नास खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी मिळू नयेत, आणि दोनशे खाटांच्या वरच्या रुग्णालयांनी सरकारी नर्सइतके द्यावे. अंमलबजावणी राज्यांकडे गेली आणि तिथे निजली. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण सांगते, की सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, शिकवण्याच्या रुग्णालयात तिघांमागे एक. १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये संसदेने नवा आयोगाचा कायदा केला. कायदे आपण चांगले करतो. सोळाला एक ही नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात सापडत नाही.

तिला नोकरी सोडतानाही त्रास झाला. रुजू होताना तिची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती, ती मिळेपर्यंत तीन महिने गेले. आम्ही घराचे मूळ खरेदीखत ठेवून घ्यायचो, ते कर्ज दिल्यावर. इथे कर्ज कोणी कोणाला दिले होते, ते मला अजून समजलेले नाही.

मी काही आरोग्यशास्त्राचा जाणकार नाही. पण बँकेच्या प्रत्येक शाखेत व्याजदरांचा आणि तक्रार कुठे करायची याचा फलक लावावा लागतो; नाही लावला तर तपासनीस शेरा मारतो. मग वॉर्डाच्या दारावर एक पाटी लावायला काय हरकत आहे? आज रात्री रुग्ण इतके, नर्सेस इतक्या, त्यांची नावे ही. पंचतारांकित रुग्णालयाच्या दिवाणखान्यात संगमरवर आणि कारंजे असते. ते पाहून आपण रुग्ण दाखल करतो. रात्री दोन वाजता कारंजे उपयोगाचे नसते. विमा कंपन्या खोलीचे भाडे किती, हे विचारतात; एका नर्सकडे किती खाटा, हे त्यांनी एकदा विचारून पाहावे. त्यांच्याच पैशाचा प्रश्न आहे, धर्मादाय म्हणून नको. आणि डिस्चार्ज कार्डावर नर्सचे नाव छापायला शाई कितीशी लागते?

सोबतीला बसणाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. आपल्या माणसाचे काही तरी बदलले आहे, हे सर्वांत आधी आपल्यालाच दिसते. नेहमी शांत असणारी बायको लाथा झाडते, हे सिस्टरला कसे कळणार? मला ते दिसले होते. मी त्याला स्वभाव म्हटले आणि झोप म्हणालो. ‘ही एरवी अशी वागत नाही’ एवढे चार शब्द मी बाराला जाऊन सांगितले असते तर दोन तास वाचले असते.

परीक्षा मुंबईत झाली. आदल्या दिवशी आम्ही दोघे डोंबिवलीला बहिणीकडे मुक्कामाला गेलो, सकाळी मी तिला केंद्रापर्यंत सोडले आणि समोरच्या उडप्याकडे चार चहा घेतले. ती बाहेर आली ती पांढरीफटक. ‘‘एकशे सहाला बंद झाला,’’ म्हणाली. परतीच्या गाडीत खंडाळ्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही ‘सगळं ठीक होईल’ म्हणालो नाही. इतके मी शिकलो होतो. पुढे निकाल आला. पास झाली. आता व्हिसाचे लांबलचक प्रकरण सुरू आहे, तोवर ती दुसऱ्या एका रुग्णालयात लागली आहे. तिथे नऊला एक असते म्हणते, आणि श्वास मोजता येतात.

परवा रात्री सौ.ना थोडी कणकण होती. मला जाग आली तेव्हा अडीच वाजले होते. दिवा न लावता मी तिचे मनगट हातात घेतले, मोबाईलवरचे घड्याळ उशीशी धरले आणि पांघरूण किती वेळा वर होते ते पाहू लागलो. अकरापर्यंत आलो असेन.

‘‘नाडी नाही बघत तुम्ही,’’ ती डोळे न उघडता म्हणाली. ‘‘श्वास मोजताय.’’ चार महिने स्वयंपाकघरातून तिनेही सगळे ऐकले होते.

मोजणी फुकट गेली. ती पुन्हा झोपेपर्यंत मी थांबलो, आणि एकपासून सुरुवात केली.